आधी टेप, मग दुकान

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

ब्लाउजच्या फिटिंगवर मी मागे लिहिलं, त्यावर जी पत्रं आली त्यांतली निम्म्याहून जास्त ब्लाउजच्या आतल्या कपड्याबद्दल, म्हणजे ब्राबद्दल होती. बहुतेकींनी सुरुवातच ‘लिहायला अवघड वाटतंय’ अशी केली आहे. पुण्यात तुळशीबागेजवळच्या एका दुकानात मी २७ वर्षं याच काउंटरला उभी होते. मला अवघड वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका. या वेळी भरदार छातीच्या बायकांची पत्रं घेतली आहेत, कारण सगळ्यांत जास्त हाल त्यांचेच होतात.

प्रश्न : मी ३९ वर्षांची, बार्शीला शाळेत शिक्षिका आहे. बारा वर्षं ४० बी वापरते. खांद्यावर पट्ट्यांचे वळ इतके खोल झालेत की त्यात बोट बसतं. मागचा पट्टा पाठीवर वर चढतो, काखेजवळ फुगा येतो आणि फळ्यावर लिहायला हात वर केला की छाती खालून बाहेर येते. दुकानात पुरुषच असतात. एकाने नुसतं बघून ४२ काढून दिली, ती दोन दिवसांत खांद्यावरून घसरायला लागली. माझं शरीरच बेढब आहे असं वाटायला लागलंय. छातीखाली ३४ इंच आणि छातीवर ४१ इंच भरतं. आता ४४ घेऊ का?

उत्तर : ताई, ४४ अजिबात घेऊ नका. आणि शरीर बेढब आहे हे तर मनातून काढूनच टाका. मापं पाठवलीत ते फार बरं केलंत, त्यामुळे मला अंदाज बांधावा लागत नाही. तुमचं माप ३४ एफ आहे.

हे वाचून तुम्ही दचकाल. माझ्या काउंटरवर प्रत्येक बाई दचकायची. ‘एफ? म्हणजे एवढी मोठी?’ कपाचं अक्षर म्हणजे छातीचा आकार, अशी आपली समजूत असते. तसं नसतं. आकडा म्हणजे छातीखालचा घेर. अक्षर म्हणजे त्या घेरापेक्षा छातीवरचं माप किती इंच जास्त आहे ते. एक इंच फरक असेल तर ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी. ब्रिटिश पद्धतीत पुढे पाचला डीडी, सहाला ई, सातला एफ, आठला एफएफ. तुमचा फरक ४१ वजा ३४, म्हणजे सात. सरळ हिशोब आहे.

मग तुम्ही ४० बीपर्यंत पोचलात कशा? पूर्वी दुकानांत एक रीत होती, अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. छातीखालच्या मापात चार इंच मिळवायचे. तुमचे ३४ अधिक चार, झाले ३८. मग ४१ वजा ३८, उरले तीन, म्हणजे सी कप. दुकानात ३८ सी नसते, कारण माल भरलेला असतो बी कपाचा. मग दुकानदार घेर एका पायरीने वाढवतो आणि कप एका पायरीने कमी करून ४० बी हातात देतो. यातली अर्धी गोष्ट खरी आहे. घेर दोन इंचांनी वाढवला की कपाचं अक्षर एक पायरी खाली येतं, पण आत मावणारा भाग तेवढाच राहतो. ३४ डीडी, ३६ डी, ३८ सी आणि ४० बी या चौघींचे कप सारखेच भरतात. म्हणजे बारा वर्षं तुम्ही डीडीएवढा कप वापरताय. तुम्हाला हवा आहे एफ. डीडी, ई, एफ, असे दोन कप कमी. आणि कमरेवर सैल झालेल्या परकरासारखा घेर मात्र सहा इंच जास्त.

आता तुमच्या एकेका तक्रारीकडे बघा. वजन पेलायचं काम छातीखालच्या पट्ट्याचं असतं. तो ४० चा, अंग ३४ चं. पट्टा अंगाला धरतच नाही, मग सगळा भार खांद्यावर येतो आणि वळ पडतात. छाती पुढे ओढते, म्हणून सैल पट्टा मागून वर चढतो. कपात जागा नाही, म्हणून उरलेला भाग काखेत फुग्यासारखा येतो. तो फुगा चरबीचा आहे असं समजून किती बायका उपाशी राहतात! बराचसा तो छातीचाच भाग असतो, कपाबाहेर ढकललेला. ४२ घेतल्यावर पट्ट्या घसरल्या, कारण घेर वाढला की पट्ट्यांमधलं अंतरही वाढतं.

मी स्वतः हे सगळं भोगलं आहे. माझी आई पॉपलीनची ‘बॉडी’ घरी शिवायची, मागे तीन बटणं. कापड ताणलं जायचं नाही, त्यामुळे पाठीत काच पडायचा, पण वजन तरी पेललं जायचं. मी कॉलेजात गेल्यावर विकतची घ्यायला लागले आणि दहा वर्षं चुकीची घातली. खांदे पुढे आणून चालायची सवय लागली. लग्नातले माझे सगळे फोटो तसेच आहेत, आणि आजही ते बघवत नाहीत. दुकानात लागून बरीच वर्षं झाल्यावर माल पुरवणाऱ्यांकडून मुंबईहून एक बाई आल्या, त्यांनी मला कोपऱ्यात नेऊन टेप लावली. योग्य मापाची घालून मी आरशासमोर उभी राहिले तेव्हा मला रडू आलं. मान मोकळी झाली होती. त्या दिवसापासून टेप लावल्याशिवाय मी एकाही बाईला ब्रा दिली नाही.

माप पुन्हा एकदा घ्या. शिवणाची मऊ टेप, उघड्या अंगावर किंवा पातळ कपड्यावर. श्वास पूर्ण सोडून छातीच्या लगेच खाली घट्ट धरा, टेप पाठीमागे खाली-वर झालेली नको. मोठ्या मुलीला किंवा बहिणीला मागून बघायला सांगा. वरचं माप सैलसर, सगळ्यांत भरलेल्या जागी. भरदार छातीला उभ्याने घेतलेलं माप कमी भरतं, कारण काही भाग खाली आणि बाजूला गेलेला असतो. म्हणून कमरेत वाकून, छाती लोंबती ठेवून आणखी एकदा मोजा. उभ्याने ४१ आणि वाकून ४३ आलं तर ४२ धरा, म्हणजे एफएफपासून बघायला सुरुवात करा.

कंपन्यांची अक्षरं डीपर्यंत जुळतात, पुढे प्रत्येकीचा रस्ता वेगळा. कुणी डीनंतर डीडी लिहितं, कुणी सरळ ई. अमेरिकन पद्धतीत डीडीडीही असतं. म्हणून अक्षराच्या मागे न लागता त्या कंपनीच्या तक्त्यात सात इंच फरकाला काय लिहिलंय तेवढं बघा. ३४ एफ गावात मिळणार नाही, हे मी आताच सांगते. सोलापूर-पुण्याला मोठ्या दुकानात किंवा ऑनलाइन बघावं लागेल. परत घेतात का ते आधी वाचा आणि दोन-तीन मापं एकदम मागवा : ३४ एफ, ३४ एफएफ आणि ३६ ई. ३४ एफ कुठेच मिळाली नाही तर ३६ ई चालेल, कप तेवढाच असतो. फक्त पट्टा लवकर सैल होईल.

कोणती घ्यायची, तर कटोरी ब्लाउज आठवा. साध्या टक्सच्या ब्लाउजला भरदार छातीवर जो आकार येत नाही तो कटोरीत येतो, कारण शिवणी आकार देतात. इथेही तसंच. दोन-तीन तुकडे जोडून शिवलेला कप, बाजूला जरा कडक पट्टी, मागे रुंद पट्टा आणि तीन हुकांच्या ओळी. असा कप छाती बाजूने आत घेतो आणि उचलून धरतो. दुकानात गुळगुळीत, स्पंजाचा तयार कप आधी पुढे करतात, कारण तो दिसायला छान असतो. तुमच्या मापाला तो बहुधा वरच्या कडेवर काचतो आणि छातीचे चार भाग दिसतात. शिवणी कुर्त्यातून थोड्या दिसतील, दिसू द्या. आणि ‘मिनिमायझर’ म्हणून जे मिळतं त्याने छाती कमी होत नाही, दाबून पसरवली जाते. साडीवर ठीक दिसतं, पण दिवसभर उभं राहणाऱ्या बाईला मी ते रोजच्या वापराला सुचवणार नाही.

आता घालून बघणं. सगळ्यांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकाला लावा. इलॅस्टिक महिन्यांनी ढिलं होतं, तेव्हा आत सरकायला जागा हवी. आत्ताच आतल्या हुकाला लावून बरं वाटत असेल तर घेर मोठा आहे. हुक लावल्यावर पुढे वाका आणि एकेक हात कपात घालून काखेकडचा भाग पुढे आणून बसवा. ही पायरी सोडली तर कुठलंच माप बरोबर बसणार नाही, आणि जवळजवळ सगळ्या बायका ती सोडतात. मग सरळ उभ्या राहा. दोन कपांमधली पट्टी छातीच्या हाडाला टेकलीच पाहिजे. ती तरंगत असेल तर कप लहान आहे. कपाखाली तार असेल तर ती छातीच्या मुळापाशी, बरगडीवर बसावी, मांसावर नाही. पट्टा मागे-पुढे एका पातळीत राहायला हवा आणि त्याखाली दोन बोटं जावीत. फळ्यावर लिहिता तसा हात वर करा. खुर्चीवर बसून बघा, कारण बसल्यावर बरगड्यांचा घेर वाढतो. कपाला वरून सुरकुती पडली तर लगेच ‘मोठा झाला’ म्हणू नका. कप खोलीला कमी असला की छाती तळापर्यंत जातच नाही आणि वरचा भाग रिकामा राहतो. एक कप मोठा घालून बघा, मग ठरवा.

३४ आवळेल अशी भीती वाटते ना? ती उलटी घालून बघा, कप पाठीकडे आणि हुक पुढे. नुसता पट्टा कसा वाटतो ते कळेल. तसा आरामशीर वाटला आणि सरळ घातल्यावर आवळला, तर दोष कपाचा आहे, घेराचा नाही. पहिले काही दिवस पकड जाणवेल, बारा वर्षांची ढिलाईची सवय आहे. पण पूर्ण श्वास घेता आला नाही किंवा बरगडी दुखली तर मात्र घेर वाढवा, मी सांगितलं म्हणून सोसू नका.

महाग पडेल. तीन स्वस्त घेण्याऐवजी एक चांगली घ्या, पुढच्या महिन्यात दुसरी. एकच रोज घालू नका, इलॅस्टिकला दिवसाआड विश्रांती हवी. हाताने धुवा, पिळू नका, पट्टीला धरून लोंबकळत वाळत घालू नका. आणि दोरीवर टॉवेलखाली लपवून वाळत घालणं बंद करा. दमट राहते, वास येतो आणि अंगाला खाज सुटते.

प्रश्न : काकू, मी २१ वर्षांची. पोलीस भरतीची तयारी करते आहे. ८०० मीटर धावताना छाती इतकी हलते की दुखते, आणि मैदानावर पोरं बघतात म्हणून मी हात आवळून धावते. दोन स्पोर्ट्‌स ब्रा एकावर एक घालते, वरून ओढणीही बांधून बघितली. वेळ कमी होत नाहीये.

उत्तर : पोरी, ओढणी आजच सोड. आवळून बांधलं की बरगड्या फुलत नाहीत, श्वास पुरत नाही. आणि हात अंगाला चिकटवून कुणी वेगाने धावू शकत नाही. तुझी वेळ पायांमुळे अडलेली नसावी.

छातीत स्नायू नसतो. तिला कातडी आणि आतले नाजूक तंतू धरून असतात. धावताना ती नुसती वर-खाली होत नाही, बाजूलाही जाते आणि पुढे-मागेही. इंग्लंडमधल्या पोर्ट्‌समथ विद्यापीठात एक संशोधन गट याच विषयावर अनेक वर्षं काम करतो आहे. त्यांनी ही हालचाल मोजली, तर ती आठच्या आकड्यासारखी निघाली. म्हणजे दुखणं तुझ्या मनाचं नाही, ते मोजलेलं आहे.

डोक्यातून घालायची, एका कापडाची स्पोर्ट्‌स ब्रा दोन्ही बाजू एकत्र दाबते. लहान छातीला ती पुरते. तुला हवी ती प्रत्येक बाजूला वेगळा कप असलेली, मागे हुक असलेली, रुंद आणि कमी-जास्त करता येणाऱ्या पट्ट्यांची. एस, एम, एल असं लिहिलेली घेऊ नकोस, आकडा आणि अक्षर दोन्ही असलेली घे. वर बार्शीच्या ताईंना सांगितलंय तसं माप काढ. दुकानात घालून जागच्या जागी अर्धा मिनिट उड्या मार, लाजू नकोस. तुझ्या परीक्षेचं साधन आहे ते, बुटांइतकंच. आईला बुटांचे पैसे मागतेस तसेच याचेही माग. नवी ब्रा भरतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नकोस. दोन-तीन आठवडे आधीपासून तिच्यातच सराव कर, कुठे घासतंय ते कळेल.

मुलं बघतात त्याचं उत्तर माझ्याकडच्या टेपमध्ये नाही. पण छाती जागेवर राहिली की तुझं लक्ष रेषेवर राहील, आणि हात सुटतील. वेळ किती झाली ते मला नक्की कळव.

प्रश्न : माझ्या सासूबाई म्हणतात, तारेच्या ब्राने कॅन्सर होतो. काळ्या रंगाच्याही घालू देत नाहीत. खरं काय?

उत्तर : रंगाचा काही संबंध नाही. तारेबद्दल अमेरिकेत सिअ‍ॅटल भागात ५५ ते ७४ वयाच्या बायकांचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. ब्रा किती तास घालता, तार आहे का, कितव्या वर्षापासून घालता, यातल्या कशाचाही स्तनांच्या कॅन्सरशी संबंध दिसला नाही. तार टोचत असेल तर मात्र ते माप चुकल्याचं लक्षण आहे. सासूबाईंची काळजी चांगल्या दिशेला वळवा. गाठ लागली, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, बोंडातून स्राव आला, किंवा एक बाजू अचानक वेगळी दिसायला लागली, तर त्या आठवड्यात डॉक्टरकडे जा. थोडीशी डावी-उजवी लहान-मोठी बहुतेक सगळ्यांचीच असते. माप मोठ्या बाजूचं घ्यायचं.

प्रश्न : नवीन ब्रा घेतली, माप बरोबर आहे, पण आता सगळे ब्लाउज विचित्र बसतात.

उत्तर : बसणारच. छाती वर आली, त्यामुळे टक्सचं टोक खाली राहिलं. ब्लाउज वाया गेलेले नाहीत. आत माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड असेल तर टक्स उसवून वर घेता येतात. पुढच्या वेळी शिंप्याकडे जाताना रोजची ब्रा घालूनच जा आणि खांद्यापासून टोकापर्यंतचं माप त्याला नव्याने घ्यायला लावा. जुना ब्लाउज ‘मापाला’ देऊ नका.

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची, छाती जड, मधुमेह आहे. उन्हाळ्यात छातीखाली लाल होऊन सोलवटतं. संधिवातामुळे मागचे हुक लागत नाहीत, म्हणून तिने ब्रा घालणंच सोडलं आहे. मेडिकलवाल्याने दिलेलं मलम लावलं की बरं वाटतं, पुन्हा येतं.

उत्तर : आधी ते मलम थांबवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, मलमाची ट्यूब सोबत न्या. अशा मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. त्याने खाज दोन दिवस थांबते, पण बुरशी असेल तर ती आणखी पसरते. साखरही तपासून घ्या. साखर वाढलेली असली की हे परत परत होतं.

ब्रा सोडल्यामुळे कातडीवर कातडी टेकते, घाम अडकतो, म्हणून तिथे सोलवटतं. त्यांना उचलून धरणारी, पण तार नसलेली हवी. आत सुती अस्तर, छातीखाली रुंद पट्टा आणि पुढून हुक. पुढच्या हुकाची त्यांच्या मापात मिळाली नाही तर साधीच घ्या. हुक पोटाजवळ पुढे लावायचे, मग पट्टा फिरवून कप पुढे आणायचे आणि शेवटी हात पट्ट्यांत घालायचे. तेही जड जात असेल तर हुकांच्या जागी मोठी चापाची बटणं कोणताही शिंपी लावून देईल.

आंघोळीनंतर छाती उचलून ती घडी टिपून कोरडी करा, घासू नका. पंख्याखाली दोन मिनिटं बसू द्या. पावडरचा थर नको, घामात तिचे गोळे होतात आणि तेच टोचतात. जुन्या धुवट धोतराच्या किंवा मलमलच्या चौकोनी घड्या करून ठेवा, एक छातीखाली ठेवायची आणि ओली झाली की बदलायची. माझ्या आईच्या शेवटच्या तीन उन्हाळ्यांत मी दिवसातून चार घड्या बदलायचे. दुपारी जेवणानंतरची घडी तेवढी विसरू नका, सगळ्यांत जास्त घाम तेव्हाच येतो.